'एक अभ्यास' एवढे पुरेसे नाही : असईची लढाई आणि शोधनिबंधाचे प्रतिपादन

१/ जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यात टेंभुर्णी हे गाव आहे. याच जिल्ह्याच्या उत्तर भागात, खेळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, असई वसले आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे झालेल्या लढाईवर इंग्रजीत दोनशे वर्षे लिहिले जात आहे. टेंभुर्णीतल्या एखाद्या विद्यार्थ्याने उद्या या लढाईवर शोधनिबंध लिहायला घेतला, तर त्याचे शीर्षक काय असेल? बहुधा 'असईची लढाई : एक अभ्यास'. हा थ्रेड त्या 'एक अभ्यास' या दोन शब्दांविरुद्ध आहे.

२/ नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधन पद्धती आणि संशोधन प्रकल्प आले. त्यामुळे पूर्वी पीएच.डी.च्या उंबरठ्यावर भेटणारा 'सिनॉप्सिस' आता विशी ओलांडताच भेटतो. तो तयार करण्याची सर्वात सोपी रीत सर्वांना ठाऊक आहे. एखाद्या जुन्या प्रबंधाची अनुक्रमणिका समोर ठेवायची आणि गावाचे व कालखंडाचे नाव तेवढे बदलायचे. निबंध पूर्ण होतो, गुणही मिळतात. मात्र त्या निबंधाने नेमके काय म्हटले, हे लिहिणाऱ्यालाही एका वाक्यात सांगता येत नाही.

३/ ते एक वाक्य म्हणजेच प्रतिपादन. विषय, प्रश्न आणि प्रतिपादन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. 'असईची लढाई' हा विषय झाला. 'असईत शिंदे-भोसल्यांचा पराभव का झाला?' हा प्रश्न झाला. त्या प्रश्नाचे, पुराव्याने तपासता येईल आणि एखादा जाणकार नाकारू शकेल असे उत्तर म्हणजे प्रतिपादन. जे कोणीच नाकारणार नाही ते प्रतिपादन नव्हे. 'असईची लढाई ही मराठ्यांच्या इतिहासातील एक महत्त्वाची लढाई होती' या वाक्याशी कोण भांडेल?

४/ आता घटना थोडक्यात. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने दुसरा बाजीराव कंपनीच्या आश्रयाला गेला. तो तह दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांना मान्य नव्हता. ऑगस्ट १८०३ मध्ये युद्ध पेटले. अहमदनगरचा किल्ला १२ ऑगस्टला पडला, तर २ सप्टेंबरला कर्नल स्टीव्हन्सनने जालना घेतले. वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांनी एकत्र येऊन हल्ला करावा असे ठरले होते. मात्र २३ सप्टेंबरला वेलस्लीला शत्रू अपेक्षेपेक्षा आधीच समोर दिसला. स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याने हल्ला केला.

५/ वेलस्लीकडे सुमारे साडेचार हजार कवायती सैन्य होते आणि सोबत म्हैसूरचे व पेशव्यांकडील मिळून सुमारे पाच हजार घोडेस्वार. समोर शिंद्यांच्या बाजूला युरोपीय पद्धतीने शिकवलेल्या दहा हजारांहून अधिक पायदळाच्या पलटणी, शंभराच्या आसपास तोफा आणि प्रचंड घोडदळ. संध्याकाळपर्यंत मैदान वेलस्लीच्या हाती आले आणि ९८ तोफाही. त्याच्या बाजूची नोंद अशी : ४२८ ठार, १,१३८ जखमी, १८ बेपत्ता. मराठा बाजूच्या हानीचे मात्र केवळ अंदाज आहेत, तेही शत्रूने केलेले. इतिहासाचा विद्यार्थी या विषमतेपाशीच थबकला पाहिजे.

६/ बहुतेकांच्या मनात येणारे पहिले उत्तर ठरलेले असते : 'फितुरीमुळे हरलो.' हे प्रतिपादन आहे खरे, कारण ते नाकारता येते. त्याला आधारही आहे. कंपनी सरकारने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतील ब्रिटिश अधिकाऱ्यांना ती चाकरी सोडण्याचे आवाहन केले आणि अनेकांनी ती सोडली. पण प्रतिपादनाची परीक्षा त्याला अनुकूल पुराव्याने होत नाही. प्रतिकूल पुरावा त्यापुढे ठेवला की होते.

७/ असा प्रतिकूल पुरावा असईच्या मैदानातच आहे. वेलस्ली बाजूने नदी ओलांडून आला, तेव्हा पोलमन या हॅनोव्हेरियन अधिकाऱ्याच्या हाताखालील पलटणींनी आपली फळी वळवून नव्या दिशेला तोंड केले. समोर तोफा असताना हजारो माणसांनी असे वळणे हे मोडकळीला आलेल्या फौजेचे लक्षण नव्हे. मैदानात मेल्यासारखे पडून राहिलेले गोलंदाज ब्रिटिश फळी पुढे सरकताच उठले आणि त्यांनी पुन्हा तोफा डागल्या, असेही ब्रिटिश वृत्तांतच सांगतात. 'फितुरी' या एका शब्दात ही माणसे मावत नाहीत.

८/ मग दुसरे प्रतिपादन सुचते : 'असईतील पराभवाचे कारण शस्त्रे वा शिस्त यांच्या उणिवेत नसून नेतृत्वाच्या विस्कळीत साखळीत आहे.' शिंदे-भोसल्यांच्या घोडदळाने लढाईत फारसा भाग घेतला नाही, हा त्याचा आधार. रॅन्डॉल्फ कूपर या अभ्यासकाने २००३ मध्ये या मोहिमांवरील आपल्या ग्रंथात अशाच दिशेने मांडणी केली आहे. मराठ्यांचा तोफखाना मागासलेला नव्हता, निर्णायक ठरले ते पैशाचे आणि आदेशव्यवस्थेचे बळ, असा त्याचा रोख आहे. विद्यार्थ्याने हे वाचले नाही, तर तो नकळत कूपरचीच पुनरुक्ती करील. वाचले, तर कूपरच्या पुढे एक पाऊल कोठे टाकायचे हे त्याला दिसेल.

९/ येथेही थांबून विचारावे : कोणता पुरावा मिळाला तर हे विधान डळमळेल? ब्रिटिशांची मोठी हानी हे शिंद्यांच्या तोफखान्याच्या सामर्थ्याचे प्रमाण मानायचे ठरले. परंतु त्या हानीचा एक भाग ब्रिटिशांच्याच चुकीचा होता. ऑरॉक या अधिकाऱ्याच्या हाताखालील तुकडी वाट चुकून असई गावाच्या फार जवळ गेली. तिच्यामागे ७४ वी पलटणही गेली आणि गावातील माऱ्याखाली सापडली. म्हणजे तो आकडा नुसता मराठा तोफांचे बळ मोजत नाही, एका अधिकाऱ्याचा गोंधळही मोजतो.

१०/ बरेच विद्यार्थी ऑरॉकची हकीकत वाचून ती निबंधातून गाळतात, कारण ती आपल्या विधानाला 'अडचणीची' असते. ही अप्रामाणिकता आहे आणि तोटाही विद्यार्थ्याचाच आहे. अडचणीची हकीकत आत घेतली की विधान अधिक नेमके होते : 'ऑरॉकच्या चुकीमुळे झालेली हानी वगळूनही…' असे ते सुरू होऊ लागते. 'वगळूनही', 'असले तरी', 'एवढ्यापुरते' हे शब्द प्रतिपादनाला दुबळे करत नाहीत. कोणत्या जमिनीवर ते उभे आहे, हे ते सांगतात.

११/ मराठी इतिहाससंशोधनाला ही रीत परकी नाही. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचेच पाहा. वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९, म्हणजे इ.स. १६२७, ही तिथी दीर्घकाळ रूढ होती. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. तीत फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी नोंद होती. पुढे परमानंदाच्या शिवभारतातही तीच तिथी मिळाली. एकमेकांवर न विसंबणारी साधने एकाच तिथीकडे बोट दाखवू लागली, तेव्हा रूढ विधान मागे पडले. त्यासाठी वाद झाले, वर्षे गेली.

१२/ येथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. 'आधी साधने गोळा करावीत, प्रतिपादन मागाहून आपोआप येते. आधीच विधान ठरवणे म्हणजे निकाल लिहून मग साक्षीदार शोधणे.' वि. का. राजवाडे १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करू लागले आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. या परंपरेने अस्सल कागदाला प्रथम मान दिला, तो योग्यच होता. वा. सी. बेंद्रे यांनी तर साधन-चिकित्सेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

१३/ तरीही आक्षेप अर्धाच खरा आहे. राजवाड्यांचा पहिला खंड म्हणजे कागदांची रास नव्हे. त्याला जोडलेल्या दीर्घ प्रस्तावनेत त्यांनी रूढ इतिहासलेखनाच्या चुका काढून आपली मते ठामपणे मांडली. प्रश्नावाचून कोणी दप्तर उघडत नाही. कोणता कागद उचलायचा आणि कोणता ठेवायचा, हे ठरवतानाच मनात एक विधान असते. ते मनातच राहिले तर तपासले जात नाही. म्हणून ते लिहून काढावे, त्यावर 'तात्पुरते' असा शेरा मारावा आणि प्रत्येक नव्या साधनाबरोबर ते पुन्हा वाचावे.

१४/ आता मुख्य मुद्दा. टेंभुर्णीतल्या विद्यार्थ्याने लंडनमधल्या अभ्यासकाचाच प्रश्न का हाती घ्यावा? असईच्या कथेत एक प्रसंग जगप्रसिद्ध आहे. नदी ओलांडायला उतार नाही, असे वाटाड्यांनी सांगितले. वेलस्लीला मात्र दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन गावे दिसली, पिंपळगाव आणि वरूड. इतकी जवळची दोन गावे ये-जा करण्याच्या वाटेवाचून वसलेली असणार नाहीत, असे त्याने ताडले. उतार निघाला, फौज पार झाली आणि लढाई जिंकली गेली.

१५/ ही कथा वेलस्लीच्या बुद्धिमत्तेची साक्ष म्हणून सांगितली जाते. परंतु तपशीलवार हकीकत त्याने स्वतः अनेक वर्षांनंतर सांगितलेली आहे. तोवर तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला होता आणि वॉटर्लूचा विजेता म्हणून युरोपभर गाजला होता. लढाईच्या दुसऱ्याच दिवशी, २४ सप्टेंबरला, त्याने गव्हर्नर जनरलला पत्र लिहिले. ते त्याच्या छापील पत्रव्यवहारात आहे. या दोन कथनांत किती अंतर आहे, हा प्रश्न कोणत्याही दूरच्या अभिलेखागारात न जाता विचारता येतो.

१६/ आणखी एक साक्षीदार आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला, त्या दिवशी वेलस्लीसोबत होता. त्याचे वय तेव्हा २३. आज एम.ए.च्या वर्गात बसणाऱ्याचे जवळपास तेवढेच असते. त्याची पत्रेही छापली गेली आहेत. जदुनाथ सरकार आणि गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखाली निघालेल्या 'पूना रेसिडेन्सी करस्पॉन्डन्स'मध्ये या काळाचा पत्रव्यवहार आहे. यातील बरेच ग्रंथ मोबाइलवरही वाचता येतात. साधने नाहीत ही सबब असईपुरती तरी चालणार नाही.

१७/ शोधताना नावांचा घोळ लक्षात घ्यावा. खेळणा इंग्रजी कागदांत 'कैटना' होते, जुई 'जुआ' होते, वरूड 'वरूर' होते. टेंभुर्णी नुसते शोधले, तर सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातील टेंभुर्णी आधी समोर येते. आणि १८०३ मध्ये 'जालना जिल्हा' नव्हताच. तो १ मे १९८१ रोजी झाला. 'जालना जिल्ह्याचा १८०३ मधील इतिहास' असे शीर्षक देणारा विद्यार्थी पहिल्याच ओळीत आजची सीमा कालच्या भूमीवर आखतो.

१८/ आता तात्पुरते प्रतिपादन असे लिहिता येईल : 'असईच्या उताराची प्रचलित कथा एका सेनापतीच्या अनुमानाचे कौतुक करते. मात्र ते अनुमान ज्या ज्ञानावर उभे होते ते नदीकाठच्या गावांच्या नित्य व्यवहाराचे ज्ञान होते, आणि समकालीन पत्रे व उत्तरकालीन आठवणी ताडून पाहिल्यास हे ज्ञान कथेतून कसे पुसट होत गेले ते दाखवता येते.' हे विधान चुकीचे ठरू शकते. समकालीन पत्रांतही गावांचा उल्लेख तितकाच ठळक निघाला, तर ते मोडेल. मोडू शकते म्हणूनच ते तपासण्याजोगे आहे.

१९/ येथे अतिरेकाचा मोह होतो : 'वेलस्लीला उतार गावकऱ्यांनीच दाखवला!' वाक्य गावात टाळ्या घेईल, पण पुराव्याशिवाय ते लिहिता येत नाही. वाटाड्यांनी उतार नाही असे का सांगितले? अज्ञान, भय, की जाणूनबुजून केलेली दिशाभूल? त्यांची साक्ष कोणी नोंदवलेली नाही, म्हणून तिन्ही शक्यता उघड्या ठेवाव्या लागतात. ज्यांचे बोलणे कागदावर आले नाही, त्यांच्या तोंडी आपले बोलणे घालणे हाही एक अन्यायच आहे.

२०/ याच जिल्ह्यातील दुसरे उदाहरण भोकरदनचे. प्राचीन भोगवर्धन ते हेच. सांचीच्या दानलेखांत हे नाव येते. येथील उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा अवशेष मिळाला आणि त्याचे इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी साम्य आहे. पाँपेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. साम्यावरून दूरच्या व्यापाराचा संबंध सूचित होतो. 'पाँपेईची मूर्ती भोकरदनलाच घडली' हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. 'सूचित होते' आणि 'सिद्ध होते' यांतले अंतर ज्याला कळले, त्याला निम्मी संशोधन पद्धती कळली.

२१/ प्रतिपादन ठरले की आराखडा. रूढ आराखडा असा : प्रस्तावना, भौगोलिक पार्श्वभूमी, ऐतिहासिक पार्श्वभूमी, लढाईची कारणे, घटनाक्रम, परिणाम, उपसंहार. यात वाईट काहीच नाही, फक्त तो कोणत्याही लढाईला चालतो. पानिपतला चालतो, खर्ड्यालाही चालतो. जो आराखडा सर्वांना चालतो तो कोणत्याही एका प्रतिपादनाचा नसतो. भौगोलिक प्रकरणात पर्जन्यमान आणि काळ्या जमिनीचे वर्णन येते, मग पुढे शेवटपर्यंत नदीचे नावही निघत नाही.

२२/ असईत तर भूगोल हाच युक्तिवाद आहे. म्हणून आराखड्यातील प्रत्येक भाग विषयाच्या नावाने न लिहिता पूर्ण वाक्याने लिहावा.
एक : उताराची कथा आज कशी सांगितली जाते आणि तिचे मूळ कथन केव्हाचे आहे.
दोन : सप्टेंबर १८०३ मधील पत्रे उताराबद्दल काय सांगतात आणि कशाबद्दल गप्प राहतात.
तीन : दोन तीरांवरील गावे, वाटा आणि नदीचे पात्र यांवरून काय अनुमान काढता येते, काय नाही.
चार : या विधानाविरुद्धचा सर्वात बळकट पुरावा कोणता.
पाच : मग मूळ विधानातले काय टिकले.

२३/ ही पाच वाक्ये सलग वाचली तर एक परिच्छेद तयार होतो. होत नसेल, तर आराखड्यात खिंडार आहे. चौथा भाग बहुतेक निबंधांत नसतोच. खरे तर मार्गदर्शकांनी सर्वप्रथम तोच मागितला पाहिजे. तिसऱ्या भागासाठी खेळणेच्या काठी जाऊन उभे राहावे लागेल. आजचे पात्र १८०३ चे नव्हे, हे ध्यानात ठेवून पाहावे लागेल. पावसाळ्याच्या अखेरीस नदी कशी वाहते, हे परदेशी ग्रंथालयात बसलेल्याला पुस्तकातून कळते. येथल्या विद्यार्थ्याने ते लहानपणापासून पाहिलेले असते.

२४/ हा प्रश्न केवळ गुणांचा नाही. असईनंतर २९ नोव्हेंबरला अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड, १७ डिसेंबरला देवगावचा तह आणि ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह झाला. चार महिन्यांत दख्खनचे राजकारण पालटले. ज्या शिवारांतून फौजा गेल्या, त्यांच्या वाट्याला त्याच सुमारास दुष्काळही आला. त्या शिवारांचा इतिहास लिहिणारे हात आजवर बहुतांशी बाहेरचे राहिले. त्यांनी त्यांचे प्रश्न विचारले, यात त्यांचा दोष नाही. येथल्यांनी आपले प्रश्न विचारले नाहीत, ही उणीव मात्र येथलीच आहे.

२५/ 'एक अभ्यास' हे शब्द नम्र वाटतात. प्रत्यक्षात ते एक आडोसा आहेत. विधानच केले नाही, तर चूक ठरण्याचे भय नाही. पण चूक ठरण्याचे भय नसलेला निबंध कोणी खोडत नाही आणि पुढेही नेत नाही. तो कपाटात राहतो. वर्ष-दोन वर्षांनी त्याची अनुक्रमणिका पुढच्या विद्यार्थ्याच्या हाती जाते आणि गावाचे नाव तेवढे बदलते.

२६/ टेंभुर्णीच्या त्या विद्यार्थ्याने शीर्षकातून 'एक अभ्यास' खोडावे आणि त्या जागी एक पूर्ण वाक्य लिहावे, चुकू शकेल असे. सहा महिन्यांनी ते चुकीचे निघाले, तर तेही निबंधात प्रामाणिकपणे नोंदवावे. जेधे शकावलीपूर्वीची जन्मतिथीही कोणीतरी विश्वासाने लिहिली होतीच. ती खोडता आली, कारण ती स्पष्ट लिहिलेली होती.

(समाप्त)